टर्नटेबल घ्या, पण पॉलिसीवर कर्ज काढून नको

ठाण्याच्या एका वाचकांनी विचारलंय: टेक्निक्स कंपनीचा जुना टर्नटेबल, म्हणजे तबकड्या वाजवायचा सेट, एसएल-१२०० एमके२, जपानहून आलेला, ७० हजारांना मिळतोय, नवा एमके७ सव्वा लाखाला. कुठला घेऊ? वय ४१, पगार हातात लाखभर, पत्नी घरी, मुलगी सातवीत, गृहकर्ज ३८ लाख बाकी. वडिलांच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) साठेक तबकड्या घरात आहेत, त्या ऐकायच्यात. आणि जाता जाता: "पैशांची अडचण नाही. पॉलिसीवर साडेनऊ टक्क्यांनी कर्ज मिळतंय. एजंट म्हणतात, आपलेच पैसे आपण वापरायचे. जुन्या सेटची किंमत वाढतेच, म्हणजे गुंतवणूकही झाली."

सेट राहू द्या बाजूला. आधी ती पॉलिसी बघू.

वर्षाला १ लाख, १५ वर्षं भरायचे, विसाव्या वर्षाअखेर २५ लाख. १५चे २५ होतात एवढंच एजंटनं सांगितलं असणार. मधली वर्षं सांगायची राहून जातात. हिशेब मांडला तर परतावा चार टक्क्यांच्याही आत येतो. हेच हप्ते पीपीएफमध्ये भरून खातं पाच वर्षं पुढे वाढवलं असतं, तर आजच्या ७.१ टक्क्यांनी ३८ लाख झाले असते. आणि चार टक्के देणाऱ्या पॉलिसीवर साडेनऊनं कर्ज? आपल्याच पैशांवर असं व्याज भरायचं, ही सोय नेमकी कुणाची?

पण खरी भानगड परताव्याची नाही. या पॉलिसीत विमा आहे १५ लाखांचा, आणि दुसरा विमा तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर १५ लाख येणार आणि बँक ३८ मागणार. पत्नी आणि मुलीच्या डोक्यावर २३ लाखांचं देणं, तेही वर्षाला लाख रुपये भरून! दीड कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, निर्व्यसनी, धडधाकट माणसाला या वयात वर्षाला तीसेक हजारांत मिळायला हवा. "शेवटी काहीच परत मिळत नाही" म्हणून एजंट नाक मुरडतील. मुरडू द्या.

टर्म पॉलिसी हातात पडल्यावरच जुनी सरेंडर करा, म्हणजे मुदतीआधी बंद करून पैसे परत घ्या, आधी नाही. चार हप्ते गेलेत, त्यातले साधारण दोन लाख परत येतील. आकडा कंपनीकडून लेखी घ्या. ते दोन लाख आणि पुढची ११ वर्षं हप्त्यातले उरलेले ७० हजार पीपीएफमध्ये टाका. वर्षाची मर्यादा दीड लाखाची आहे, म्हणून दोन लाख तीन वर्षांत विभागून. पॉलिसी ज्या वर्षी संपली असती, त्या वर्षी साडेबावीस लाखांच्या आसपास जमतील. शेवटची पाच वर्षं टर्मचा हप्ता खिशातून जाईल, तो धरून पॉलिसीच्या २५ लाखांपेक्षा तुम्ही चारेक लाखांनी मागे. तेवढ्यात घराला दीड कोटीचा आधार मिळतो. मी तरी घेतला असता.

आता सेट. एमके२ला ३३ आणि ४५ या दोनच गती. वडिलांच्या तबकड्या त्यावर वाजणारच नाहीत! विकणाऱ्यानं हे सांगितलं नाही? शिवाय जपानचा सेट १०० व्होल्टचा. आपल्या २३०च्या प्लगात थेट घातलात तर जळेल, स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर वेगळा घ्यावा लागेल. एमके७ला ७८ची गती आहे, पण सोबत कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) येत नाही, आत फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा भाग) नाही, आणि ७८ला जाड टोकाची वेगळी सुई लागते. सव्वाचे दीड लाख धरा.

किंमत वाढण्याचं म्हणाल तर एमके२ १९७९पासून लाखोंनी बनलेत. २०१०मध्ये या मालिकेचं उत्पादन थांबलं तेव्हा जुन्यांना मागणी आली, खरं आहे. पण कंपनीनं २०१६मध्ये ही मालिका पुन्हा सुरू केली आणि २०१९मध्ये एमके७ आणला. हौसेला मोल नसतं म्हणतात, निदान तिला गुंतवणूक म्हणू नका.

घ्यायचाच तर नवा घ्या. महिन्याला १५ हजार बाजूला टाका, दहा महिन्यांत रोख जमेल. तोवर टर्मचंही काम उरकेल. दरम्यान त्या साठ तबकड्या एकेक उजेडात धरून तडे तपासा. निम्म्याअधिक बाद निघाल्या तर दीड लाखाचा सेट कशासाठी, हे पुन्हा लिहून विचारा.