कारखान्यात चार वर्षे काम केल्यावर इंजिनिअरिंग मॅनेजमेंटचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे का?

तुम्ही मेकॅनिकलचे पदवीधर आहात, जळगाव एमआयडीसीतल्या पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात चार वर्षांपासून शिफ्ट इंजिनिअर आहात, आणि एम.टेक., एमबीए की परदेशातले इंजिनिअरिंग मॅनेजमेंट, असा तुमचा प्रश्न आहे. मी धुळ्याचा. काही वर्षे नोकरी करून मग औद्योगिक अभियांत्रिकीत एम.टेक. केले, आणि आज अशाच एका कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळतो. माझे मत आधीच सांगतो: मशीनपासून सुटका हवी म्हणून हे शिक्षण घेऊ नये; मशीनविषयीचे मोठे निर्णय आपल्या हातून व्हावेत असे मनापासून वाटत असेल, तर अवश्य घ्यावे.

या विषयात नेमके काय असते, हे तुमच्याच लाइनवर दाखवता येईल. ६३ मिलिमीटरचा पाइप थांबवून ११० चा घ्यायचा आहे. लाइन बंद होते, मग स्टोअरमधून डाय, म्हणजे पाइपला माप देणारा साचा, येते, बोल्ट आणि पाने शोधले जातात, डाय तापवणारे हीटर बँड लावले जातात आणि ते जड लोखंड तापेपर्यंत सगळे थांबून राहतात. जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी डाय बदलण्याच्या कामांची दोन गटांत विभागणी केली: मशीन बंद असतानाच होणारी आणि मशीन चालू असतानाही उरकता येणारी. पुढची डाय आधीच तापवून, सगळे सुटे भाग तपासून लाइनशेजारी तयार ठेवली, तर बंद राहण्याचा बराच वेळ वाचतो.

इथपर्यंतचे काम चांगला इंजिनिअर या पदव्युत्तर पदवीशिवायही करतो. पण डाय लवकर बदलता येऊ लागली की एका मापाचा माल एकदम भरमसाट काढून ठेवण्याची गरज उरत नाही, यार्डात पडून राहणारा साठा कमी होतो आणि त्यात अडकलेले भांडवल मोकळे होते. आपल्याकडे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास, मान्सूनपूर्व कापसाच्या लागवडीआधी, पाइप आणि ठिबकची मागणी वाढते, तेव्हा हा पैसा हाताशी असणे किती मोलाचे आहे, हे मालकाला रुपयांत मांडून दाखवता आले पाहिजे. त्यासाठी कॉस्टिंग, मागणीचा अंदाज, साठ्याचे गणित आणि संख्याशास्त्र लागते, आणि अभ्यासक्रमाचा कणा हाच आहे. शिवाय डाय प्रत्यक्षात बदलतो तो वीस वर्षांचा अनुभव असलेला फिटर. त्याला न विचारता वर्गात शिकलेली पद्धत त्याच्यावर लादली, तर ती आठवडाभरही टिकत नाही. त्याच्याशी अहिराणीत बोलून, त्याच्याच सूचनांतून ती उभी केली तर टिकते. तांत्रिक नेतृत्व म्हणतात ते मला याहून वेगळे कधी दिसलेले नाही, आणि याचा मोठा भाग तुम्हाला कॉलेजात नव्हे, शिफ्टमध्येच शिकावा लागेल.

आता पर्यायांकडे वळू. आयआयटी मुंबईत औद्योगिक अभियांत्रिकी आणि ऑपरेशन्स रिसर्चचे एम.टेक. आहे, त्याला गेट ही अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा लागते, आणि गेटचा स्कोअर तीन वर्षे चालतो. पवईची नीटी ही १९६३ची संस्था २०२३मध्ये आयआयएम मुंबई झाली; ऑपरेशन्सकडे, म्हणजे उत्पादन आणि पुरवठा चालवण्याच्या कामाकडे, कल असलेल्यांसाठी तिथले एमबीए मी सर्वांत आधी सुचवीन, मात्र प्रवेश कॅट या व्यवस्थापनाच्या प्रवेश परीक्षेतून होतो. नोकरी सोडणे घरच्या परिस्थितीमुळे शक्य नसेल, तर बिट्स पिलानीचे नोकरदारांसाठीचे अभ्यासक्रम पाहावेत.

अमेरिकेत इंजिनिअरिंग मॅनेजमेंटचा स्वतंत्र विभाग १९६७ साली मिसुरीतल्या रोला इथे सुरू झाला. आज ड्यूक, डार्टमथ, कॉर्नेल अशा विद्यापीठांत ही पदवी मिळते. एमआयटीच्या एका दोन वर्षांच्या कार्यक्रमात एमबीए आणि अभियांत्रिकीची मास्टर्स, अशा दोन पदव्या एकत्र मिळतात. पण केवळ परदेशी पदवीच्या ओढीने बापाची शेती गहाण टाकून जाऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. कर्ज काढण्याआधी त्या विद्यापीठाच्या अलीकडच्या विद्यार्थ्यांना कोणत्या पदांवर नोकऱ्या लागल्या ते पाहा, आणि मासिक हप्ता भारतातल्या पगारातून फिटेल का याचा हिशेब मांडा; तिथली नोकरी गृहीत धरू नका.

तुमच्या चार वर्षांचे वजन अर्जात दिसायला हवे. 'उत्पादनाची जबाबदारी सांभाळली' एवढ्याने काहीच कळत नाही. आजपासून प्रत्येक डाय-बदलाची वेळ, निघालेले स्क्रॅप आणि लाइन बंद पडण्याचे कारण स्वतःच्या वहीत नोंदवा. लॉगबुकातल्या 'इलेक्ट्रिकल फॉल्ट' या एका नोंदीखाली प्रत्यक्षात काय काय दडते, ते वेगळे करा. वरिष्ठांच्या परवानगीने एक सुधारणा तडीस न्या आणि तिचे आधीचे-नंतरचे आकडे जपून ठेवा. कॅट साधारण नोव्हेंबरअखेर असते आणि गेट फेब्रुवारीत. दोन्हींची नोंदणी ऑगस्टच्या आसपास उघडते. अभ्यासाला शिफ्टमधून वेळ काढायचा असल्याने गणिताची उजळणी नोंदणीच्या किमान सहा महिने आधी सुरू करा.