डास सगळीकडे असतात, मग डेंगीची साथ ठरावीक गल्ल्यांतच का भडकते?

तुम्ही विचारलंय की शहरभर डास असूनही डेंगीचे रुग्ण दोन-चार गल्ल्यांतच का सापडतात, हा निव्वळ योगायोग आहे का. मी साथरोगांच्या गणितावर काम करतो. माझ्या मते बराचसा दोष 'शहराची सरासरी' पाहण्याच्या सवयीचा आहे.

समजा, दहा वस्त्या आहेत. नऊ वस्त्यांत एका रुग्णापासून सरासरी ०.५ माणसांना लागण होते, दहाव्या वस्तीत ४ जणांना. दहांची सरासरी ०.८५ येते, म्हणजे एकापेक्षा कमी. कागदावर साथ येणारच नाही. प्रत्यक्षात दहाव्या वस्तीत ती पेटते आणि बाकीच्या नऊ वस्त्यांत तिथूनच रुग्ण जात राहतात.

वस्तीवस्तीत एवढा फरक पडतो, कारण डेंगीचा डास, म्हणजे एडिस इजिप्ती, फार लांब उडत नाही. बहुतेक माद्या जन्मल्या तिथून शे-दोनशे मीटरच्या आतच आयुष्य काढतात. अंडी पाण्यात नाही, तर पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या ओलसर भिंतीला चिकटवतात. पिंप कोरडं पडलं तरी ती काही महिने तग धरतात आणि पाणी भरलं की अळ्या बाहेर येतात. त्यामुळे नळाला रोज पाणी येणारी गल्ली आणि पाणी साठवून ठेवावं लागणारी गल्ली शेजारीशेजारी असल्या तरी रोगाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या जागा असतात.

मग रोग लांब पोचतो कसा? माणसांमुळे. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे लागण राहत्या घरीच झाली असेल असं नाही. नातेवाइकांकडे, शाळेत, कामावरही होते. पेरूमधल्या इकिटोस शहरातल्या अभ्यासात लोकांचं एकमेकांच्या घरी जाणं-येणं हेच डेंगी पसरण्याचं मोठं कारण दिसलं. हिवतापाचं तसं नाही. हिवताप पसरवणारा ॲनोफिलीस डास बहुधा रात्री चावतो, त्यामुळे तिथे माणूस झोपतो कुठे हे जास्त महत्त्वाचं.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. डास असे एकवटलेले असले की साथ लवकर पेट घेते, पण त्या वस्तीतले बहुतेक लोक लवकरच बाधित होऊन त्या प्रकारच्या विषाणूपुरते सुरक्षित होतात. म्हणून एकूण रुग्ण सुरुवातीच्या वेगावरून वाटतात त्यापेक्षा कमी निघू शकतात.

शहरभर सारखी धूरफवारणी मला म्हणूनच पटत नाही. धुराने उडते डास मरतात, अंडी तशीच राहतात. तेच मनुष्यबळ त्या दहाव्या वस्तीतली पिंपं दर आठवड्याला रिकामी करून घासायला लावा.