गावी धारोष्ण दूध पिऊन वाढले, मग फ्रान्समध्ये गरोदरपणात कच्च्या दुधाचं चीज का बंद?

ताई, डॉक्टरांचं ऐका. बाळंतपण होईपर्यंत ब्री, कामाँबेर, रब्लोशों ही मऊ चीजं बाजूला ठेवा.

तुम्ही लिहिलंय की साताऱ्याकडच्या गोठ्यात उभं राहून चरवीतलं धारोष्ण दूध प्यायलात, कधी काही झालं नाही, मग इथल्या चकचकीत डेअरीच्या चीजला कशाला भ्यायचं? मी पशुवैद्यक, आता निवृत्त. नोकरीत हाच प्रश्न लोकांनी मला असंख्य वेळा विचारला, फक्त चीजच्या जागी धारोष्ण दूध असायचं. माझं उत्तर पुस्तकी नाही, कारण कच्च्या दुधातूनही येणारा एक ताप मी स्वतः भोगलाय.

एका शेतकऱ्याची म्हैस सातव्या महिन्यात गाभडली आणि वार अडकली. हातमोजे गाडीत राहिले होते. घाई होती, तसाच हात घातला. तीन आठवड्यांनी ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, रात्री घामाने अंथरूण भिजायचं, सकाळी मी ठणठणीत. टायफॉइड समजून औषधं झाली, महिना वाया गेला. शेवटी मीच म्हणालो, ब्रुसेलाची, म्हणजे जनावरं गाभडवणाऱ्या जंतूची तपासणी करा. निघाला तोच. सहा आठवडे दोन-दोन प्रतिजैविकं घेतली, आणि कंबर पुढे कितीतरी महिने कुरकुरत होती.

माझ्या अंगात जंतू हातावाटे आला. पण तो दुधातूनही तितक्याच सहज येतो, आणि मला सांगायचंय ते त्या म्हशीबद्दल. दिसायला तुकतुकीत, वैरण-पाणी व्यवस्थित, दुधाला फॅट उत्तम, वास नाही, चव बिघडलेली नाही. दूध नासवणारे जंतू वेगळे आणि माणसाला आडवं करणारे वेगळे. दूध नासलं तर आपण ओतून देतो. ब्रुसेला असलेलं दूध मात्र चवीने पितो.

माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक याच तापाने खितपत पडायचे. डेव्हिड ब्रूसला हा जंतू 1887 मध्ये सापडला, पण तो येतो कुठून हे कळायला 1905 उजाडलं. थेमिस्टोक्लिस झामित या माल्टाच्याच डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा धडधाकट शेळ्यांमध्ये तो निघाला. शेळीचं दूध बंद केल्यावर सैनिकांमधला ताप झपाट्याने उतरला. आपल्याकडे आता 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना आणि म्हशींच्या मादी पारडांना याची लस टोचतात. 'आमची वासरं चांगली आहेत, कशाला टोचता' म्हणून दार लावून घेणारेही भेटले!

आता 'काही झालं नाही' याबद्दल. एक तर घरात बहुतेक दूध तापवलंच जायचं, धारोष्ण म्हणजे कौतुकाचा एखादा पेला. आणि ज्यांना झालं, त्यांच्या तापाचा संबंध चरवीशी कोण जोडणार?

तुमच्या डॉक्टरांच्या मनातला जंतू बहुधा ब्रुसेला नाही, लिस्टेरिया आहे. हा मातीत असतो, शेणात असतो, नीट न जमलेल्या मुरघासात (हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यात) तर मजेत वाढतो. त्याची खोड अशी की फ्रिजमधल्या थंडीतही तो हळूहळू वाढतच राहतो. म्हणून 'फ्रिजमध्ये ठेवलंय' याला इथे अर्थ नाही. गर्भवतीला त्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे 10 पट. आईला नुसती कणकण येते, फ्लूसारखं अंग दुखतं, पण जंतू वारेतून बाळापर्यंत पोहोचतो.

मऊ चीजच का, तर जास्त पाणी आणि कमी आंबटपणा. असं चीज ताजं असताना चांगलं आंबट असतं, दह्यासारखं. पण ब्री-कामाँबेरवरची ती पांढरी बुरशी आंबटपणा खात जाते आणि चीज जसजसं पिकतं तसतसं लिस्टेरियासाठी अंथरूण तयार होतं. बुरशी नसलेलं ताजं चीजही आपोआप सुरक्षित ठरत नाही. 1985 मध्ये लॉस एंजेलिस भागात मेक्सिकन पद्धतीच्या ताज्या चीजमुळे साथ आली. ते दिसायला आपल्या पनीरसारखंच. तिथे 142 रुग्ण नोंदवले गेले आणि 48 मृत्यू झाले. त्यांत पोटातली आणि नवजात मिळून 30 बाळं होती. पनीरचा आपला फायदा एवढाच की त्यासाठी दूध उकळूनच फाडतात, आणि पुढे ते भाजीतही शिजतं.

कोंते, ग्रुयेर ही कठीण चीजं कच्च्या दुधाची असली तरी वेगळी. त्यांचा चोथा तापवतात, दाबून पाणी काढतात, मग महिनोन्महिने मुरवतात. ती वरची साल काढून खा. वेष्टनावर 'ओ ले क्रू' (कच्च्या दुधाचं) दिसलं आणि आतलं चीज मऊ असेल तर परत ठेवा. 'पास्तरीझे' (पाश्चरीकरण केलेल्या, म्हणजे तापवून जंतू मारलेल्या दुधाचं) लिहिलेलं बरं, पण मऊ पांढऱ्या सालीचं असेल तर मी तेही आत्ता टाळीन, कारण पाश्चरीकरणानंतर हाताळताना जंतू शिरू शकतो. अगदीच राहवलं नाही तर आतपर्यंत वाफा येईस्तोवर शिजवून खा. आणि तुमच्या मोठ्या मुलीला, ती 5 वर्षांच्या आतली आहे म्हणून, कच्च्या दुधाचं मऊ चीज देऊ नका. तिथल्या सरकारनेच 2019 मध्ये तसं सांगितलंय. मुलांच्या बाबतीत भीती ई-कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या विषारी जातींची, त्या थेट किडनी धरतात.

आई येणार आहेत, त्यांनी खरवस वाफवून केला तर खुशाल खा. शेतावरून कच्चं दूध आणलंत तर एक उकळी पुरे. डेअरीत 72 अंशांवर 15 सेकंद तापवतात, उकळी त्याच्या कितीतरी पुढे जाते. जीवनसत्त्वं मरतात म्हणून कोमट करून पिण्याचा जो सल्ला मावशींनी दिलाय, तो मात्र सोडून द्या.

मागच्या आठवड्यात पार्टीत खाल्लेल्या ब्रीच्या तुकड्याने झोप उडवून घेऊ नका, बहुतेक तुकड्यांत काही नसतंच. फक्त एक लक्षात ठेवा: लिस्टेरियाची लक्षणं कधीकधी दोन महिन्यांनीही दिसतात. तोवर केव्हाही ताप आला, तर घरी गोळी घेऊन वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि 'मी ब्री खाल्लं होतं' हे आपणहून सांगा. रक्ताची तपासणी करून प्रतिजैविक वेळेत सुरू करता येतं.