पथकाची पहिली मुक्कामी मोहीम

आपण स्काउट पथकाला डोंगरात नेत आहात, याचा मनापासून आनंद वाटतो. पहिल्या मुक्कामासाठी हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, म्हणजे अरुंद दगडी घळीतून जाणारी अवघड चढाई, मुळीच नको. राजमाची किल्ला निवडावा, कारण लोणावळ्याहून जाणारी वाट लांब असली तरी बरीचशी सपाट आहे आणि पायथ्याच्या उधेवाडीत जेवणाची व मुक्कामाची सोय होते.

- सर्वांत मागे अनुभवी मोठा माणूस ठेवावा आणि सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाच्या गतीने चालावे. नवी पथके बहुधा पुढे धावणाऱ्यांमुळेच विखुरतात व वाट चुकतात.
- प्रत्येकाने किमान दोन लिटर पाणी स्वतः वाहावे.
- पावसाळ्यात फुगलेला ओढा ओलांडू नये, नि:संकोच परतावे.

होकायंत्र आणि नकाशावाचन दुसऱ्या मोहिमेत शिकवावे.