रात्री दोनलाही भिंत गरम का लागते?

तुम्ही विचारलंय की नागपूरच्या महाल भागातल्या आजीच्या घरी मे महिन्यातही पहाटे चादर ओढावी लागायची, आणि आता बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये, वरच्या मजल्यावर, रात्री दोनलाही भिंत गरम लागते. हा नुसता आठवणींचा गोडवा आहे की बांधकामाचा परिणाम? बांधकामाचाच. नागपुरात २८ वर्षं साइटवर काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि सूर्य मावळला की ते ओकायला लागतं. आजीच्या घरावर कवेलू, म्हणजे मातीची कौलं होती, फटींतून गरम हवा निघून जायची, आणि अंगणात खाट टाकली की वर उघडं आकाश. तापलेली जमीन आपली उष्णता त्या आकाशाकडे सोडून मोकळी व्हायची. आता दोन इमारतींत काही फुटांचं अंतर. एका भिंतीची धग समोरच्या भिंतीला, आणि त्याच बोळात सगळ्यांच्या एसींचा गरम झोत. तुमच्याकडे पूर्वी शेतं होती. ओली माती आणि झाडं पाणी हवेत सोडतात, त्यातच हवेतली बरीच उष्णता खर्च होते. आता लेआउट पडले, सिमेंटचे रस्ते झाले, झाडाच्या बुंध्यापर्यंत गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे बसले. पाणी मुरायलाच जागा नाही.

पेपरात येणारं तापमान सोनेगावच्या वेधशाळेत मोकळ्या जागी, सावलीतल्या पेटीत मोजलेलं असतं. तुमच्या स्लॅबखालच्या खोलीचं ते नव्हे.

रात्रीचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. एका साइटवर मे महिन्यात स्लॅब टाकताना एक मजूर बाई कोसळल्या. वाचल्या. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "ह्या रात्री झोपतात कुठे?" साइटवरच्या टिनाच्या शेडमध्ये. तोवर मी फक्त दुपारच्या कामाच्या वेळा सांभाळत होतो. उन्हात शरीर थंड ठेवायला हृदयाला जास्त काम पडतं, आणि रात्री गारवा मिळाला नाही तर त्याला विसावाच नाही. शहर वाढतं तेव्हा ही झळ सगळ्यांना सारखी बसत नाही. एसीवाल्याची खोली गार होते, ती उष्णता जाते बाहेर, जिथे टिनाखाली झोपणारा असतो. हे मला अजूनही सलतं.

अहमदाबादेत मे २०१०च्या लाटेत नेहमीपेक्षा १३००हून जास्त मृत्यू झाले. त्यानंतर २०१३मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करायलाही घेतली. साधा उपाय आहे, पण खरा.

तेव्हा तुम्हीही गच्चीपासून सुरुवात करा. चुना आणि पांढरं सिमेंट कालवून दोन हात मारा, किंवा पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर, म्हणजे चायना मोझॅक करा. वर दोन-तीन फुटांवर हिरवी जाळी बांधली तर आणखी बरं. कूलर खिडकीबाहेर बसवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत तो नुसती दमट हवा फिरवतो. आईबाबा सत्तरीपुढचे आहेत म्हणता. त्या वयात घाम कमी येतो आणि तहानही कमी लागते, म्हणून आठवणीने पाणी द्या. लघवी वाढवणाऱ्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर पाणी किती द्यायचं हे उन्हाळ्याआधीच डॉक्टरांना विचारा. रात्री त्यांना खालच्या मजल्यावर झोपवता आलं तर उत्तम.

सोसायटीच्या सभेत झाडांभोवतीचे गट्टू निदान एक मीटर काढायचा विषय मांडा. त्याला खर्च जवळजवळ नाहीच. आणि गच्चीसाठी चुना कालवाल तेव्हा दोन बादल्या जास्त कालवा. गेटजवळ वॉचमनची खोली असेल आणि तिच्यावर टिन असेल, तर पहिला हात तिथे.