‘अनुभवाची गरज नाही’ म्हणजे नेमकं काय?

गाइडसोबतच्या प्रस्तरारोहण सहलींबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. बहुतेकांच्या मनात एकच शंका दिसते: जाहिरातीत ‘सर्वांसाठी’ लिहिलंय, त्यावर विसंबायचं का?

प्रश्न : आम्ही पाच जण आहोत, कुणीच कधी कातळाला हात लावलेला नाही. पैसे भरण्याआधी आयोजकाला काय विचारावं?

आधी विचारा, एका गाइडमागे किती जण असतील. टॉप रोपवर, म्हणजे दोर वरच्या अँकरमधून (कातळात पक्क्या केलेल्या आधारातून) ओवून दोन्ही टोकं खाली सोडलेली असताना, एका गाइडमागे सहा जण ठीक. उंच कडा दोन-तीन टप्प्यांत चढायचा असेल, तर दोघांहून जास्त नकोत. एका गाइडकडे बारा जण दिले, तर दिवसाकाठी प्रत्येकाच्या वाट्याला दोन चढाया येतात आणि उरलेला दिवस सेल्फीत जातो.

मग विचारा, बिले कोण देणार. चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं म्हणजे बिले. नवख्याने नवख्याला बिले द्यायला हरकत नाही, पण मग त्याच्या मागे उभं राहून दोराचं खालचं टोक हातात धरणारा तिसरा माणूस हवाच. गाइडचं प्रमाणपत्र प्रस्तरारोहणाचं आहे ना, तेही पाहा. ट्रेक लीडरचं इथे उपयोगाचं नाही.

खरी मेख मात्र पुढच्या प्रश्नात आहे: ‘तिथे सोपे-अवघड मिळून किती मार्ग लावणार?’ मार्गाची अवघडता सांगणाऱ्या फ्रेंच श्रेणीत (आकडा जितका लहान, तितका मार्ग सोपा) ३ किंवा ४चे एक-दोन आणि ५चा एखादा, असं काही ऐकू आलं तर ‘सर्वांसाठी’ या शब्दाला अर्थ आहे. ‘तिथे गेल्यावर बघू’ हे उत्तर मिळालं, तर समजून घ्या.

प्रश्न : गाइडच सगळं बांधून देतो. आपण बघून आपल्याला काय कळणार?

दोन मिनिटं दिलीत तर बरंच कळतं. हार्नेस म्हणजे कंबर आणि मांड्यांना बांधायचे पट्टे, दोर त्यालाच जोडतात. त्याचा कमरपट्टा कमरेच्या हाडांच्या वर बसला पाहिजे. दोन्ही हातांनी खाली ओढून बघा. हाडांवरून घसरत असेल तर सैल आहे. बकल जुन्या पद्धतीचं असेल तर पट्टा त्यातून उलटा फिरवून परत ओवावा लागतो. एकदाच ओवलेला पट्टा नुसता उभं असताना घट्ट वाटतो आणि वजन पडलं की सरकत सुटतो.

आता गाठ. दोराच्या टोकापासून साधारण हातभर अंतरावर एक ‘आठ’ पाडतात. मोकळं टोक हार्नेसच्या पुढच्या दोन कड्यांतून नेतात. त्या दोन कड्या म्हणजे पायपट्ट्यांना जोडणारी खालची आणि कमरपट्ट्यावरची वरची. कडेला सामान अडकवायच्या ज्या बारीक कड्या असतात, त्यांत दोर चुकूनही जाता कामा नये. त्या माणसाच्या वजनासाठी नसतातच. मग तेच टोक पहिल्या आठाच्या वाटेने उलटं फिरवत आणतात. गाठ पूर्ण झाली की दोराच्या समांतर जोड्या मोजा, पाच भरल्या पाहिजेत. बाहेर उरलेलं शेपूट किमान वीतभर हवं. हार्नेसजवळचा फास मुठीएवढा असावा.

ही गाठ चुकीची बांधली जाण्यापेक्षा अर्धवट राहण्याचा धोका मोठा. कुणी मध्येच हाक मारली, बुटाची नाडी सुटली, की टोक परत फिरवायचं राहून जातं. १९८९मध्ये फ्रान्समधल्या ब्यूक्स इथे लिन हिल पडली ती अशाच अपुऱ्या गाठीमुळे. त्या काळातल्या जगातल्या अव्वल क्लायंबरपैकी ती एक. झाडामुळे वाचली. तेव्हा कुणी गाठ बांधत असताना त्याच्याशी बोलू नका, आणि बांधून झाली की एकमेकांची तपासा. यात संकोचण्यासारखं काही नाही. चांगला गाइड स्वतःची गाठही तुम्हाला दाखवतो.

गट मोठा असला की वेळ वाचवायला गाठीऐवजी कॅराबिनर (उघडझाप होणारं दार असलेली धातूची कडी) लावून देतात. तसं असेल तर ते दार स्क्रूने बंद होणारे आणि दोन हवेत, दाराची तोंडं एकमेकांविरुद्ध. बिले देणाऱ्याकडे आपोआप पकडणारं उपकरण असलं तरी दोराच्या खालच्या बाजूवरचा त्याचा हात क्षणभरही सुटायला नको. दोराच्या शेवटच्या टोकाला गाठ आहे का, तेही बघा. ६० मीटरचा दोर दुहेरी पडला की ३० मीटरच्या कड्याला जेमतेम पुरतो. टोकाला गाठ नसेल तर उतरवताना दोर उपकरणातून सुटून जाऊ शकतो.

प्रश्न : माझं वजन ९५ किलो आहे आणि बिले देणारी मुलगी ५५ किलोची. दोर टिकेल का?

दोराची काळजी सोडा. साधा कॅराबिनरही लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दोन टनांचा भार सोसेल असा बनवलेला असतो. अडचण वेगळीच आहे: तुम्ही लटकलात की ती वर उचलली जाईल. म्हणून गाइड तिला मागे एखाद्या भक्कम अँकरला बांधतो, किंवा तुमच्यासाठी वजनदार माणूस बिलेवर ठेवतो. हे आधीच कळवा, ऐनवेळी नको.

आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. क्लायंबिंगचा दोर मुद्दाम ताणला जाईल असाच बनवतात. कडा २५ मीटरचा असेल तर तुम्ही जमिनीजवळ असताना तुम्ही आणि बिलेवाली यांच्यामध्ये जवळजवळ ५० मीटर दोर असतो. तुमच्या वजनाने तो मीटर-दोन मीटर सहज लांबतो. त्यामुळे पहिल्या काही हातांत पाय निसटला तर दोर ‘पकडूनही’ पाय जमिनीला टेकू शकतात. सुरुवातीचे तीन-चार मीटर दोर ताठ ठेवायला सांगा आणि खाली पायाशी दगड, बॅगा ठेवू देऊ नका.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा आहे. नेऊ का?

न्या, पण त्याच्या मापाचा हार्नेस आहे का ते विचारून घ्या. या वयात कंबर आणि नितंब फारसे भरलेले नसतात, त्यामुळे मोठ्यांच्या पद्धतीच्या कमरेच्या हार्नेसमधून मूल उलटं होऊन निसटू शकतं. पूर्ण अंगाचा, छातीजवळ दोर बांधायचा हार्नेस हवा. हेल्मेट कपाळ झाकणारं, आणि मान हलवली तरी न हलणारं.

मुलांची एक गंमत म्हणजे ती कधीकधी वरून खालीच येत नाहीत. पंधरा-अठरा किलोचं पोर आणि वरच्या अँकरवर दोराचं घर्षण. बिले सैल सोडली तरी मूल जागचं हलत नाही, वर रडू लागतं. अनुभवी गाइड हलक्या मुलांच्या हार्नेसला खाली लोंबणारा एक जादा दोर लावतो आणि त्याने हळूच खाली ओढून घेतो.

प्रश्न : माझ्या बहिणीला अगदी कमी दिसतं. तिला चढता येईल का?

येईल. दृष्टिहीन क्लायंबर स्पर्धांतही उतरतात, आणि २०२८च्या लॉस एंजेलिस पॅरालिम्पिकमध्ये पॅराक्लायंबिंगचा (अपंग खेळाडूंच्या क्लायंबिंगचा) समावेश आहे. खालून एकच जण सूचना देतो, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे: ‘उजवा हात, एक वाजता, कोपर सरळ केलं की मिळेल.’ आधी अवयव, मग दिशा, मग अंतर, हा क्रम बदलायचा नाही. दोघातिघांनी एकदम ओरडणं सर्वांत वाईट. कडा चढायच्या आधी तिला हार्नेस, गाठ, उपकरण हाताने चाचपू द्या. गाइडला विचारायचं ते पायवाटेबद्दल. कातळापेक्षा तिथवर पोचायची दगडधोंड्यांची अर्धा तासाची वाट तिला जास्त दमवेल. चालताना आधार लागणाऱ्या किंवा एका हाताने चढणाऱ्या प्रत्येकासाठी हाच प्रश्न पहिला. गाडीपासून शंभर-दोनशे मीटरवर असलेले कडे बहुतेक ठिकाणी असतात.

प्रश्न : पाच मिनिटांत हात भरून येतात. व्यायाम कोणता करू?

सध्या कोणताच नको. हात कोपरात वाकवून लटकत असाल, म्हणून भरतात. हात सरळ ठेवून लोंबा, पाय आधी वर टाका आणि पायांनी उठा. पाय टेकवायच्या खाचेवर बुटाचं टोक, अंगठ्याची बाजू टेकवा. तळव्याचा मधला भाग नको. बूट घट्ट हवेत, पण बोटं दुखून डोळ्यांत पाणी येईल इतके नकोत, पहिल्या दिवशी तर नकोतच.

प्रश्न : आदल्या रात्री पाऊस झाला तर सहल रद्द करावी का?

खडक कोणता, त्यावर आहे. ग्रॅनाइट ऊन आणि वाऱ्यात काही तासांत वाळतो. वालुकाश्म वरून कोरडा दिसला तरी आत ओल धरून असतो आणि ओला असताना त्याच्या पकडी तुटतात, म्हणून एक ते तीन दिवस थांबतात. कड्याच्या पायथ्याची माती उकरून पाहा. आत दमट असेल तर त्या दिवशी दुसरीकडे न्यायला सांगा.