आजी पेरं का मोजते

मनू,

काल व्हिडिओ कॉल संपल्यावर तू विचारलंस, आजी बोटांवर अंगठा फिरवत असं काय मोजते, तिला शाळेत नीट काउंटिंग शिकवलं नाही का? मी "अगं तिची सवय आहे" म्हणून विषय बदलला, पण ते डोक्यातून जाईना. म्हणून लिहितोय. लेक्चर नाहीये, कंटाळा आला तर सोडून दे.

तू एका हातावर पाच मोजतेस, आजी बारा मोजते. चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, अंगठा नुसता सरकवत जायचा. हात संपला की दुसऱ्या हाताचं एक बोट मिटायचं, पाचही मिटली की साठ. जपाला बसली की नऊ वेळा हात फिरला म्हणजे 108, माळ शोधत बसायला नको. आणि हे सगळं माई आत्याला ओरडता ओरडता, एकही आकडा न चुकता!

आमच्याकडे भांगलायला बायका यायच्या त्यांचे खाडे आप्पा वहीत लिहायचे आणि आजी पेरांवर धरायची. बाजारच्या दिवशी पैसे वाटताना घोळ झाला की त्या बायका वहीकडे नाही, आजीकडे बघायच्या. आप्पांना ते आवडायचं नाही हेही सांगतो.

खरं तर पेर हा शब्द मला आधी उसामुळे माहीत झाला, बोटाचा नंतर. दोन गाठींच्या मधला भाग ते पेर, पण आम्ही पोरं गाठीलाही पेरच म्हणायचो, दातांनी सोलताना तिथे आलं की दात हलायचे. तात्या बांधावर उभे राहून नुसता ऊस बघून सांगायचे, हितं पेरं आखूड पडल्यात, तवा पाणी कमी पडलं. म्हणजे उसाच्या अंगावर सगळा हिशेब, कधी मोटर जळाली, कधी लाइट नव्हती. डोळाही गाठीपाशीच असतो, लागणीला दोन डोळ्यांची टिपरी लावतात ती त्यासाठीच, तिथूनच कोंब येतो.

शब्द संस्कृतातल्या पर्वन् वरून आलाय, गाठ किंवा सांधा. महाभारताची 18 पर्वं तीच, पर्वणीसुद्धा तिथलीच. हे मला कॉलेजात कळलं आणि मी सुट्टीत मोठ्या उत्साहाने आजीला सांगितलं, तर म्हणाली, "बरं, मग?"

आता तुझ्या प्रश्नाचं. तो मला लागला कारण तो अगदीच चुकीचा नव्हता. आजी चौथीपर्यंत शिकली, तिचे भाऊ पुढे शिकले, हिला घरी ठेवलं कारण गुरं कोण बघणार. पेरांचं मला जे कौतुक वाटतं ते कदाचित इथे मेलबर्नला बसून वाटतं, तिला विचारलं तर ती म्हणेल मला वही चालली असती. पण म्हणून तिला मोजता येत नाही असं नको म्हणूस ना, मी स्वतः सुपरमार्केटमध्ये तीन वस्तूंची बेरीज फोनवर करतो.

तू पाठ केलंच पाहिजेस असं काही नाही. मीसुद्धा पेरांवर फक्त भाताचं पाणी बघतो, तांदळाच्या वर एक पेर, आणि ते तुला आवडत नाही म्हणून आधी हात धुतो.

बाय द वे, काल ती मोजत होती ते कन्यागत. गुरू कन्या राशीत आला की नरसोबाच्या वाडीला पर्वकाळ असतो, साधारण बारा वर्षांनी, मागचा 2016 ला झाला. म्हणजे एक हात पुरतो. पुढचा 2028 ला आहे आणि ती विचारत होती मनू येईल का. मी "बघू" म्हटलंय. तुझी परीक्षा वगैरे असेल तर राहू दे, पण तिला तूच सांग, माझ्याकडून निरोप नको.

बाबा